सीट मिळाली, आता चॉइस कोणता?

प्रश्न : आम्ही धारवाडचे. घरी मराठी. मुलीची पहिलीपासूनची शाळा इथेच, यंदा दुसरी पीयूसी झाली. इंजिनिअरिंगला सीमाभागाच्या सवलतीतून महाराष्ट्रात जागा मिळेल का?

उत्तर : महाराष्ट्राची ती सवलत वादग्रस्त 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी आहे. हुबळी-धारवाड त्या यादीत नाही. पण यात खट्टू होऊ नका. सगळं शिक्षण कर्नाटकात झाल्यानं इथल्या सीईटीत तिचा पूर्ण हक्क आहे, आणि तिची रँक पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे निम्मे आणि सीईटीचे निम्मे गुण धरून लागते.

खरी चूक पुढे होते. ऑप्शन भरताना शेजाऱ्यांची यादी उतरवू नका. तिला मनापासून हवं असलेलं कॉलेज आणि शाखा पहिल्या ओळीवर लिहा, मग हुबळीचं केएलई टेक (पूर्वीचं बीव्हीबी) असो वा धारवाडचं एसडीएम. सीट लागली की चार चॉइस येतात. पहिला म्हणजे हीच घेते. दुसरा म्हणजे ही राखून वरची मिळते का बघते. वरची मिळाली की आधीची आपोआप जाते, परत मागता येत नाही. तिसऱ्यात हातची सीट सोडून पुढच्या फेरीत उतरायचं, चौथ्यात बाहेर पडायचं. दुसऱ्याऐवजी तिसरा दाबून हातची सीट घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून ते बटण मुलीनंच, तुम्ही शेजारी बसलेले असताना दाबावं.

आयआयटी धारवाडचा रस्ता वेगळा, तिथं जेईई अॅडव्हान्स्डच लागते.