यकृताचा कर्करोग आणि पेशींचे निरोप

"यकृताच्या कर्करोगावर गोळी निघाली आहे म्हणे. ती घेतली की गाठ विरघळते का?" असे डोंबिवलीच्या माझ्या दवाखान्यात बरेचदा विचारले जाते. गोळी आहे, सोराफेनिब तिचे नाव. गाठ विरघळवणे हे मात्र तिचे काम नव्हे.

आपल्या पेशी मनाला येईल तेव्हा वाढत नाहीत. वाढीचा निरोप पेशीच्या आवरणावरील प्रथिनाला मिळतो आणि रास, राफ अशा प्रथिनांच्या साखळीतून आत केंद्रकापर्यंत जातो. स्लॅब टाकताना मजूर घमेली हातोहात वर पोहोचवतात, तसेच. काम संपले की रांग मोडते. कर्करोगात ती मोडत नाही. शिवाय गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या मागवून घेते. सोराफेनिब राफचा हात धरते आणि रक्तवाहिन्यांचा निरोपही अडवते. गाठीची वाढ मंदावते, पण पुढे पेशी दुसरी वाट शोधतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गोळी घेणारे निम्मे रुग्ण १०.७ महिन्यांहून अधिक जगले, नकली गोळीवरचे निम्मे ७.९ महिन्यांहून.

या जेमतेम तीन महिन्यांची किंमत? बायर कंपनीच्या महिन्याभराच्या १२० गोळ्या २,८०,४२८ रुपयांना होत्या! दागिने मोडूनही किती महिने पुरणार? मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. किंमत ठरली ८,८८० रुपये, बायरला स्वामित्वधन वेगळे. देशातला असा हा पहिलाच परवाना. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. माझ्या मते औषधाच्या शोधाइतकाच हा निर्णय मोलाचा.

२०२० साली अ‍ॅटेझोलिझुमॅब व बेव्हॅसिझुमॅब या शिरेवाटे द्यायच्या जोडीने चाचणीत सोराफेनिबला मागे टाकले. ही जोडी महाग आहे, आणि तिने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा आधी दुर्बिणीने पाहाव्या लागतात.

सोराफेनिब चालू असताना तळहात-तळपाय लाल होऊन सोलू लागले, तर गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते. ज्यांना सिरोसिस आहे, त्यांनी आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांनी आपल्याला किती दिवसांनी तपासणी हवी ते डॉक्टरांना विचारावे. बहुतेकांना दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली जाते. त्यासाठी परळ गाठायला नको. ती कल्याण-ठाण्यातही होते. गाठ लहान असतानाच सापडली, तर शस्त्रक्रियेने काढता येण्याची शक्यता असते.