शेकरूवर लिहितेयस ना? मग ऐक

अगं, विकिपीडियावर शेकरूचा लेख लिहायला घेतलायस म्हणे! छान केलंस. पण हात घालण्याआधी दोन गोष्टी सांगते, मनावर घे.

एकच शेकरू चार ठिकाणी घरटी बांधतं, हे तू भीमाशंकरला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. तरी लेखात ‘मी पाहिलं’ चालत नाही. विश्वासार्ह पुस्तकाचा नाहीतर शोधनिबंधाचा संदर्भ लागतो. रुसू नकोस. लिहिणारी कोण हे ठाऊक नसतानाही वाचणाऱ्याला वाक्य पडताळता यावं, म्हणून हा नियम. तुझं पाहणं वाया जात नाही हं. घरट्याचा फोटो ठिकाण-तारखेसह विकिमीडिया कॉमन्सवर चढव. मात्र तुझं नाव देऊन तो कुणीही वापरू शकेल, हे आधी मनाशी मान्य कर. आणि पाठ्यपुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उचलू नकोस. प्रताधिकाराच्या कारणावरून तो उडवतात. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून बघ.

आता कौतुकाचं. इंग्रजी विकिपीडियावर ‘गुड आर्टिकल’ला हिरवं अधिकचिन्ह मिळतं, ‘फीचर्ड’ला कांस्यरंगी तारा. पहिल्यासाठी त्या लेखनात हात नसलेला एक जण लेख तपासतो. दुसऱ्यासाठी अनेक जण भाषा, चित्रं, संदर्भ सगळं चाळणीतून काढतात, तेही बिनपगारी. कुणी विचारेल, ‘हे वाक्य कोणत्या पानावर सापडलं?’ तेव्हा नाक मुरडू नकोस. इतक्या बारकाईनं आपलं वाचणारं माणूस भेटणं, हाच मोठा मान. तारा काही कायमचा नसतो. नवं संशोधन आलं आणि लेख मागे पडला, तर तो काढूनही घेतात.

ही सगळी तपासणी अशी बिनपगारी माणसांवर चालते, म्हणून स्वतःचा लेख पुढे करण्याआधी दुसऱ्या कुणाचा एक नीट तपासून दे. मराठीत जीवशास्त्रावर लिहिणारे थोडे, तपासणारे त्याहून थोडे. आणि लेख आवडला तर लिहिणाऱ्याला सांग. बार्नस्टार, म्हणजे कौतुकाचा बिल्ला, द्यायला समिती लागत नाही. कुणीही कुणाच्याही चर्चापानावर तो लावू शकतं. पण नुसतं ‘मस्त’ लिहू नकोस. परागीभवनाची आकृती सोपी झालीय, वर्गीकरणाचा जुना घोळ निस्तरलाय, असं नेमकं लिही. रात्री जागून लिहिणाऱ्याला तेवढ्यानं हुरूप येतो.

चल, लाग कामाला. मसुदा झाला की दुवा पाठव. पहिला खोचक प्रश्न मीच विचारणार आहे!