पत्र आणि समक्ष भेट

शास्त्रपाठ: २ योहान १२, रोम. १:११-१२

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण घरीच पाळला. त्या काळी मोबाईलवरील उपासनेने पुष्कळांना धीर दिला. मग अशा संपर्काने प्रीतीचे बंध दृढ होतात की सैल? योहान कागद व शाई पुरेशी मानत नाही. समक्ष भेटीची आशा धरतो. पौलही रोमकरांस पत्र लिहितो, तरी परस्परांस धीर मिळावा म्हणून भेटीची उत्कंठा बाळगतो. पत्राने भेटीची वाट तयार केली, तिची जागा घेतली नाही. हीच कसोटी आपण मोबाईलला लावू या. परगावच्या मुलास तो जोडतो. पण शेजारच्या आजाऱ्यास संदेश धाडून आपण थांबलो, तर बंध सैल होतो.

प्रश्न: या आठवड्यात संदेशाऐवजी आपण कोणाच्या घरी जाणार?