खरवस कुणाच्या वाटणीचा?

प्रश्न : शेजारच्या गोठ्यात गाय व्याली की आमच्याकडे चिकाची बाटली येते. सासूबाई म्हणतात, खरवस खाल्ला की अंगात रोगाशी लढायची ताकद येते. मुलगी म्हणते, ती ताकद वासराची, आपण ती हिसकावून घेतो. खरं कुणाचं?
– एक वाचिका, कराड

उत्तर : मुलीचं बरंचसं खरं. सासूबाईंचं चवीपुरतं.

माणसाचं बाळ पोटात असतानाच वारेतून आईच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी घेतं आणि थोडी शिदोरी बांधूनच जन्माला येतं. गाईची वार वेगळ्या घडणीची. तिथे आई आणि वासराच्या रक्तामध्ये पेशींचे इतके थर असतात, की अँटीबॉडी पलीकडे जातच नाहीत. म्हणून व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत गाय त्या आपल्या रक्तातून कासेत उतरवते. चांगल्या चिकात, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधात, त्या लिटरला 50 ग्रॅमहून जास्त असतात. नेहमीच्या दुधात ग्रॅमभरसुद्धा नाहीत.

गोचिडांमुळे गुरांना ताप येतो हे सिद्ध करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ यांनी राल्फ लिटल यांच्यासोबत 1922 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला याचा पडताळा घेतला. काही वासरांना चीक दिला, काहींना दिला नाही. न मिळालेल्यांपैकी बहुतेक दगावली. पुढे वेल्समधल्या बँगोरच्या विद्यापीठात रॉजर्स ब्रॅम्बेल यांनी ससे आणि उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून आईच्या अँटीबॉडी पिल्लापर्यंत कशा पोचतात ते शोधलं. 1960 च्या दशकात त्यांनी मांडलं, की पेशीवरचा एक विशिष्ट रेणू अँटीबॉडीला धरून पलीकडे नेतो आणि वाटेत तिला मोडूही देत नाही. तो रेणू नंतर सापडला. आज त्याला अडवणारी औषधं मायस्थेनिया ग्रेव्हिस या माणसांच्या आजारावर वापरतात. पिल्लांच्या पोटाचं संशोधन कुठवर पोचलं पाहा!

वासराचं आतडं मात्र फार निवड करत नाही. जन्मल्यावर काही तास ते अख्ख्या अँटीबॉडी जशाच्या तशा रक्तात घेतं. पहिल्या पाच-सहा तासांत हे काम उत्तम चालतं, आणि दिवस उलटेतो दार जवळजवळ बंद. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो रक्तात पोचत नाही. आपल्याकडे अजून कित्येक गोठ्यांत ‘जार (म्हणजे वार) पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही’ असा दंडक आहे. जार पडायला आठ-दहा तासही लागतात, आणि मोलाची वेळ तशीच जाते. मला तुमच्या खरवसापेक्षा या दंडकाची जास्त काळजी वाटते.

आता हिशेब. वासराला पहिल्या दिवशी त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा चीक हवा. 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, त्यातला मोठा भाग पहिल्या दोन तासांत. भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईला एवढं देऊनही चीक उरतो. लहान चणीच्या देशी गाईला उरेलच असं नाही. तेव्हा बाटली घेताना शेजाऱ्यांना विचारा, वासरू कधी प्यायलं आणि किती. पुढच्या प्रत्येक धारेला अँटीबॉडी झपाट्याने कमी होतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक आपण घेतला तर वासराचं फारसं बिघडत नाही.

सासूबाईंच्या ताकदीचं काय? अँटीबॉडी म्हणजे प्रथिनंच. गोठ्यांवर चीक जंतुमुक्त करायचा तर तो 60 अंशांवर तासभर ठेवतात. त्याहून फार तापवला तर अँटीबॉडी बिघडतात. तुम्ही तर तो उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवता! खरवस घट्ट होतो तोच मुळी या अँटीबॉडी आणि चिकातली इतर प्रथिनं उष्णतेने गोठतात म्हणून. पहिल्या धारेच्या चिकात दूध घालावं लागतं, नाहीतर वडी रबरासारखी होते, त्याचंही कारण हेच. आणि एखादी अँटीबॉडी वाचलीच, तरी मोठ्या माणसाचं पोट तिला डाळीतल्या प्रथिनासारखं पचवून टाकतं. प्रथिनं मिळतात, अ जीवनसत्त्व मिळतं, वेलदोडा-जायफळ घातलं असेल तर सुख मिळतं. रोगप्रतिकार नाही.

दही आणि कंडेन्स्ड मिल्कच्या ‘बिनचिकाच्या खरवसा’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही. पण त्यात वासराचं काहीच जात नाही, आणि वाटीत वाढल्यावर फरक ओळखणारे फार थोडे असतात. सासूबाई बहुधा ओळखतील.