गाईची पेंड वासराला नको गं

शालू, काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की कालवड पंधरा दिवसांची झाली, म्हणून दूध निम्म्यावर आणलंस आणि गाईच्याच टोपल्यातली मूठभर सरकी पेंड तिला सुरू केलीस. डेअरीत चार पैसे जास्त मिळावेत असं वाटणारच, तुझं चूक नाही. पण ते आधी थांबव. का ते सांगते, नाहीतर म्हणशील ताई नुसते हुकूम सोडते.

तुझी गाय खाते एक आणि जगते दुसऱ्यावर. तिचं कोठीपोट म्हणजे सगळ्या पोटाचा जवळजवळ ८० टक्के भाग, आणि त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव. कडब्यातला, पेंडीतला नत्र घेऊन ते स्वतःच्या अंगात अमिनो आम्लं तयार करतात आणि पुढे गाय त्या सूक्ष्मजीवांनाच पचवते. म्हणून तिचं हलक्या चाऱ्यावर भागतं. वासराचं कोठीपोट मात्र नावालाच असतं. दूध चोखताना तिथली खाच मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं, तिथे त्याचं दही होतं, प्रथिनं सावकाश सुटतात. म्हणजे या वयात तू तोंडात घालशील त्यातलीच अमिनो आम्लं तिला मिळणार. घडवून देणारं आत अजून कुणी नाही.

आणि पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा बघून भुलू नकोस. काळे मणी शेरभर असले आणि वाट्या दोनच असल्या, तर मंगळसूत्र एकच होणार ना? वासराच्या अंगात मांस चढायला लायसिन आणि मिथिओनिन ही अमिनो आम्लं अशीच अडून बसतात. दुधात ती भरपूर, शेंगदाणा पेंडीत दोन्ही कमी. उरलेली बाकीची आम्लं अंगात साठवता येत नाहीत; यकृत ती फोडतं, त्यांचा युरिया होतो आणि मुतावाटे गोठ्यात जातो. तुझे पैसेही त्याच वाटेनं! सरकीत तर वर गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या गाईचं कोठीपोट ते बरंचसं निकामी करतं, कोवळ्या वासराला ते झेपत नाही.

दूध तोडलंस की आणखी एक होतं. अंगात ऊर्जा कमी पडली की जनावर चांगली अमिनो आम्लंच जाळून ऊब धरतं. थंडीत तर जास्तच. मग हाडं निघतात, केस राठ होतात आणि आपण जंताचं औषध पाजत बसतो.

या वयातच जीव लाव, कारण खाल्लेल्या प्रथिनातला जास्तीत जास्त वाटा मांसात जातो तो आताच. वय वाढतं तसा तो वाटा घटत जातो, पुढे चरबी धरायला लागते. आता राहिलेली वाढ नंतर पोतीभर पेंड ओतून पुरी भरून निघत नाही.

तर वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं तरी दूध रोज दे. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. सोबत मक्याचा भरडा आणि सोयापेंड घातलेला वासरांचा खास खुराक थोडा थोडा ठेव, पाणीही समोर असू दे. घरचं सोयाबीन कच्चं घालू नकोस, त्यातला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही, हगवण लागते. धान्य आंबून जी आम्लं तयार होतात त्यांनीच कोठीपोट जागं होतं. सलग तीन दिवस किलोभर खुराक खायला लागली की मग दूध तोडायचा विचार कर. युरिया लावलेला कडबा मात्र सहा महिन्यांच्या आत दाखवायचासुद्धा नाही.

दुसरी गाय पुढच्या महिन्यात विणार ना? चिकातली रोगाशी लढणारी प्रथिनं न फुटता, अखंडच रक्तात जावी लागतात. आतड्याची ती वाट साधारण २४ तासांत बंद होते, म्हणून पहिल्या दोन तासांतच पोटभर चीक पाज. सासूबाईंना खरवस हवा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा करा. जरा पातळ होईल, होऊ दे.