बाडांचे मूलस्थान आणि विद्यापीठीय संग्रह : जांबच्या निमित्ताने

समर्थ रामदासांचा जन्म 1608 साली जांब येथे झाला. परंतु रामदासी बाडांचा मोठा संग्रह उभा राहिला तो धुळ्यास. शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, मठोमठी हिंडून हस्तलिखिते जमविली आणि कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगाव प्रतीवरून दासबोध सिद्ध केला. मराठवाड्यात विद्यापीठ आले ते त्यानंतर पासष्ट वर्षांनी, 1958 साली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखित दाखल होताना ग्रंथनाम, कर्ता, पत्रसंख्या यांची नोंद सहसा होते. मूलस्थान दुय्यम मानले जाते. प्रश्न उद्भवतो तो येथेच. बाड हा एकसंध ग्रंथ नव्हे. करुणाष्टके, आरत्या, पदे, एखादा औषधाचा तोडगा, क्वचित देण्याघेण्याचा हिशेबही त्यात शेजारी शेजारी येतो. सूचीत त्याची कृतिवार फोड केली की पाठ हाती राहतो, पण ते बाड कोणत्या मठात वाचले-गाइले जात होते, हे कळेनासे होते. लेखनिकाने पुष्पिकेत शक, संवत्सर व गाव दिले असेल तर ठीक. ते पानच गळालेले असेल तर दात्याच्या गावाची नोंद हाच काय तो धागा.

जालन्याबाबत आणखी एक अडचण आहे. हा जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. आज घनसावंगी तालुक्यात असलेले जांब तत्पूर्वी औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात होते. साहजिकच त्याआधीच्या नोंदींत ‘जालना’ जिल्हा शोधणाऱ्यास जांब सापडणार नाही. अशी जुनी नोंद खोडू नये; तिच्याखाली आजचा तालुका-जिल्हा लिहावा, आणि बाडाचा क्रमांक एकच ठेवून आतील कृतींना उपक्रमांक द्यावेत.