एका परसात चार जातींची केळी



पाड्यांवर परसबागेसाठी केळीची रोपे दिली जातात हे कळल्यावर आपल्यापैकी काहींनी विचारले, "टिश्यूकल्चरची ग्रँड नैन एकगठ्ठा घेतली तर सोपे पडेल. चार जाती कशाला गोळा करता?" प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी आम्ही तेच केले होते.

रोपे एकसारखी वाढली. वर्षभरात घड आले, पण सगळे एकाच पंधरवड्यात. खाऊन उरले ते व्यापारी म्हणेल त्या भावाने गेले. त्यानंतर कित्येक महिने त्या परसांत पिकलेले केळे नव्हते.

याहून मोठा धोका चटकन लक्षात येत नाही. आपण खातो त्या केळ्यात रुजणारे बी नसते. मुनवा काढून लावला की आईचीच हुबेहूब प्रत उभी राहते. प्रयोगशाळेतल्या रोपाचेही तेच. एका जातीची शंभर झाडे म्हणजे एकच झाड शंभरदा लावलेले. ज्या रोगापुढे एक टिकत नाही, त्यापुढे शंभरही टिकत नाहीत. मध्य अमेरिकेतला केळीचा निर्यात व्यापार ग्रो मिशेल या एका जातीवर उभा होता. जमिनीतल्या बुरशीने होणाऱ्या पनामा मर रोगाने १९६० च्या सुमारास तो मोडला, आणि मळेवाले कॅव्हेंडिश गटाकडे वळले. आपल्याकडची बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन त्याच गटातल्या. आता त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि बिहार व उत्तर प्रदेशातल्या बागांत तो आढळला आहे. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षे तग धरते. फवारणीने जात नाही.

म्हणून आता एका परसात आम्ही बसराई, वेलची, राजेळी आणि बनकेळ असे मिश्रण देतो. बसराई बुटकी, वाऱ्याला त्यातल्या त्यात टिकणारी. तिचा भरघोस घड आधी येतो. वेलचीला वेळ जास्त लागतो, फळ बोटाएवढे, पण गोड, आणि बाजारात भाव चांगला. बनकेळ भाजीचे, कच्चेच शिजवतात, त्यामुळे घरात धान्य कमी असते तेव्हा खरा आधार त्याचाच. राजेळीच्या घडाला फण्या मोजक्या, फळ मात्र लांब आणि जाड. वसईत पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवतात आणि सुकेळी करतात. ती महिनोन्महिने टिकते, म्हणजे व्यापाऱ्याची घाई करावी लागत नाही. माझे मत विचाराल तर चौघींत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी हीच.

लावताना अरुंद, तलवारीसारख्या पानांचा मुनवा घ्यावा. रुंद पानांचा दिसायला टवटवीत, पण त्याचा कंद कमकुवत असतो. बसराईला पाच फूट अंतर पुरते, उंच जातींना सात फूट द्यावे. घड निसवेपर्यंत बाजूचे मुनवे कापत राहावे आणि मग पुढच्या पिकासाठी एकच राखावा. चार ठेवले तर चारही घड बारके. घड काढल्यावर खांबाचे तुकडे करून बुंध्याशी पसरावे. धुणीभांड्यांचे पाणी केळीकडेच वळवावे.

मिश्रणाने सगळे भागते असे नाही. पर्णगुच्छ रोगात शेंड्याची पाने आखूड होऊन झुपका बनतो, आणि तो बहुतेक सर्वच जातींना होतो. मावा तो पसरवतो, रोगट मुनवाही पसरवतो. असे झाड दिसले तर कंदासकट उपटून नष्ट करावे. यात दयामाया करून चालत नाही. एका घरी आजीबाईंनी "घड येऊ दे, मग काढू" म्हणून एक झाड राखले. घड आलाच नाही, शेजारची तीन झाडे मात्र गेली.

बसराईची रोपे रोपवाटिकेत मिळतात. राजेळीचे निरोगी मुनवे मिळवणे हीच अडचण, कारण वसई-विरारकडच्या वाड्या इमारतींखाली जात आहेत. तिकडच्या वाचकांच्या वाडीत राजेळी किंवा मुठेळी अजून उभी असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर दोन-दोन मुनवे आमच्यासाठी राखून ठेवावेत. मातीसकट नकोत; कंद स्वच्छ तासून, मुळे कापून दिले तरी चालतील.